वाचक विचारतात : वाड्यातल्या खोलीत संग्रहालय?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पणजोबांच्या पोथ्या (एक सचित्र), मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेली गाठोडी), सासूबाईंच्या आजीची नथ-चिंचपेटी आणि गंजिफांचा, म्हणजे जुन्या पत्त्यांचा, डबा आहे. थोरले दीर म्हणतात, खालची खोली रिकामी आहे, संग्रहालय करू. काचेची कपाटं करून घ्यावीत का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : सुतार इतक्यात बोलावू नका. आधी वही आणा. माझी नोकरी संग्रहालयाच्या भांडारात गेली, तिथे खरी किंमत नोंदवहीला. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, कागदावर मऊ पेन्सिलीनं आणि दागिन्याला दोऱ्याच्या चिठ्ठीनं. नथ कोणाच्या लग्नात केली, मोती कधी बदलले, हे सासूबाईंना आजच विचारून लिहून घ्या. एवढं झालं नाही तर नातवंडांच्या हाती नुसतं सोनं उरेल, आणि ते सराफाकडे जाईल.

आपल्या गावचंच बघा. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय १९६१ साली सुरू झालं ते राजघराण्यातल्या मुलांच्या जुन्या शाळेत. नवी इमारत कोणी बांधली नाही. तिथली रविवर्म्यानं काढलेली गायकवाडांची व्यक्तिचित्रं बघताना चेहऱ्यांइतकेच दागिने बघा. चिंचपेटी कशी बसायची ते कळेल.

पोथ्या लॅमिनेट करू नका, फाटक्या पानाला सेलोटेप तर मुळीच लावू नका; त्याचा चीक वर्षांनी कागद तपकिरी करतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा. वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, कागदाला लागू देऊ नका. दिवे मंद हवेत. कागदाला पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश नको, म्हणजे दीरांच्या मनातले झगझगीत फोकस बाद. मोती हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, लिंबू-व्हिनेगरनं तर धुऊच नका, आम्लानं ते झिजतात. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, म्हणून गरम पाणीही नको.

गंजिफा मोजा. दशावतारी संच असेल तर १० रंग, प्रत्येकी १२, एकूण १२० पानं. कमी भरली तर माळा धुंडाळा.

सचित्र पोथीचं मात्र कायद्याचं काम आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात हस्तलिखिताला ७५ वर्षं आणि इतर वस्तूंना १०० वर्षं ही मर्यादा आहे. त्याहून जुनी सचित्र पोथी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. अमेरिकेतल्या भाच्याला ती भेट म्हणून पाठवता येणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

मोडी वाचणारं घरात कोणी नसेल तर रुमाल काचेआड मांडून काय उपयोग? फोटो काढून वाचून घ्या. पोथ्यांसाठी आपल्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिर या संशोधन संस्थेत चौकशी करा. रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच झाली. आणि खोलीची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात हात लावून बघा. ओल असेल तर संग्रहालय वरच्या मजल्यावर.