मुलगी स्वतःला इजा करून घेते. शपथ घालूनही थांबत नाही. यावर औषध असतं का?

तुम्ही लिहिलंय की चौदा वर्षांच्या मुलीच्या हातावर खुणा दिसल्या, तुम्ही तिला तुमची शपथ घातली आणि काही दिवसांत पुन्हा तेच झालं. मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे, म्हणून आधी शपथेबद्दलच लिहिते. कृपा करून पुन्हा घालू नका. बहुतेक मुलं असह्य झालेली घालमेल क्षणभर तरी शमावी म्हणून हे करतात. घालमेल तशीच राहते आणि वर शपथ मोडल्याचं ओझं येतं. मग मूल लपवायला शिकतं.

आता औषधाचं. केवळ इजा करणं थांबावं म्हणून औषध देऊ नये, असं ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सोबत नैराश्य असेल तर त्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

ज्या मुलांना भावना आवरत नाहीत त्यांच्यासाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचं किशोरवयीनांसाठी बेतलेलं रूप आहे. नॉर्वेत 77 मुलामुलींवर 19 आठवडे त्याचा अभ्यास झाला, 2014 मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा या थेरपीने इजा करण्याचं प्रमाण जास्त घटलं. यात थेरपिस्ट त्या दिवसाची साखळी मुलीसोबत उलगडतो. दुपारी मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं, जेवताना मार्कांवरून बोलणी बसली, खोलीचं दार लागलं, ‘मी कुणालाच नको’ असं वाटलं, मग ते घडलं. प्रत्येक कडीपाशी दुसरं काय करता येईल ते दोघं शोधतात. दार लावण्याआधी आईला ठरलेला एक शब्द मेसेज करायचा, इतकं साधंही असू शकतं. ही कौशल्यं शिकायला पालकांनाही बसवतात, आणि मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तो शब्द आल्यावर आईने काय करायचं, हे आईलाही शिकावं लागतं. डीबीटी मिळाली नाही तर किशोरवयीनांसोबत काम करणारा, सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी येणारा मानसशास्त्रज्ञ शोधा.

घरी रोज हात तपासू नका. जखम असेल तर न बोलता, न रागावता मलमपट्टी करा. धारदार वस्तू आणि औषधं कुलपात ठेवा, आणि ती का ठेवलीत हे तिला सांगून ठेवा.

एक प्रश्न मात्र सरळ विचारा : “तुला मरून जावंसं वाटतं का?” विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि गोळ्या गिळल्याचं कळलं, तर ती ठणठणीत दिसत असली तरी लगेच रुग्णालय गाठा. काही औषधांचा परिणाम बऱ्याच तासांनी दिसतो.