पाड्यांवरच्या जुन्या ध्वनिफिती सर्वांसाठी खुल्या कराव्यात का?

आपल्या संस्थेकडे वारली पाड्यांवरची जुनी छायाचित्रे आणि ध्वनिफिती आहेत, आणि त्या संकेतस्थळावर टाकण्याआधी त्या समाजाशी बोलणे कसे सुरू करावे, असे आपण विचारले आहे. ठाण्यातील एका लहान संग्रहाच्या सूचीचे काम मी पाहतो. माझे सांगणे एवढेच की संमतिपत्र घेऊन जाऊ नका, आधी प्रती घेऊन जा.

येऊरच्या एका पाड्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो ते छापील संमतिपत्रे घेऊनच, आणि तासाभरात चहा पिऊन परतलो. दुसऱ्या खेपेस छायाचित्रे नेली. आमच्या सूचीत एका चित्राखाली छायाचित्रकाराचे पूर्ण नाव होते, तर चौक (लग्नात घराच्या भिंतीवर काढायचे चित्र) लिहिणाऱ्या तिघींची नोंद ‘वारली स्त्रिया, लग्नप्रसंग’ एवढीच. पाड्यावर पाव तासात तिघींची नावे मिळाली, शिवाय चित्राचे गावही आम्ही चुकीचे लिहिले होते असे कळले. धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली स्त्रीच्या, गाण्याची फीत मात्र ऐकून म्हाताऱ्या मंडळींनी सांगितले की हे लग्नात चौकापुढे म्हणायचे असते, कोणीही केव्हाही ऐकावे असे हे नव्हे. ती फीत आम्ही जपून ठेवली आहे, सूचीत तिची नोंदही आहे, पण ऐकू द्यायची की नाही हे पाडा ठरवतो. संशोधक कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

असे निर्बंध म्हणजे आमचा लहरीपणा नव्हे. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू लोकांच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ ही विनामूल्य संगणकप्रणाली तयार झाली, तिच्यात कोणती वस्तू कोणी पाहावी हे समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवता येते. अमेरिकेत मूलनिवासींच्या अभिलेखांविषयीचे शिष्टाचार २००६ साली लिहिले गेले, पण तेथील अभिलेखपालांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना मान्यता दिली ती २०१८ साली.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक संस्थांच्या ध्यानात येत नाही: पाड्याला आपल्या कपाटातले नेमके काय हवे आहे, हे विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी वनजमिनीवरील हक्कासाठी जे दावे करतात, त्यांत जुने शासकीय अभिलेख पुरावा म्हणून चालतात, त्यामुळे गाण्यांपेक्षा जुने नकाशे आणि वनखात्याची कागदपत्रे त्यांना अधिक मोलाची वाटू शकतात. ती शोधून, मराठीत समजावून द्यावीत.

प्रती मेमरी कार्डावर द्या. आम्ही आधी सीडी दिल्या होत्या, आणि त्या लावायला पाड्यावर एकाकडेही यंत्र नव्हते.