ट्रेडिंग खात्यात पैसे भरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ट्रेडिंग खातं माझ्या नावाने आहे. नवऱ्याने त्यांच्या मोबाइलवरून यूपीआयने 25,000 रुपये भरले, ते परत आले. असं का?

उत्तर : ब्रोकरला, म्हणजे तुमच्यासाठी शेअर बाजारात खरेदी-विक्री करणाऱ्या दलालाला, फक्त ग्राहकाच्या स्वतःच्या, नोंदवलेल्या बँक खात्यातूनच पैसे घेता येतात. नवरा, वडील, मुलगा, कुणाचंही खातं चालत नाही. रोख तर नाहीच. त्यांनी आधी तुमच्या बँक खात्यात पैसे टाकावेत, तिथून तुम्ही भरा. नियम जाचक वाटेल, पण पैसे काढतानाही ते तुमच्याच नोंदवलेल्या खात्यात येतात, ही त्याची चांगली बाजू.

प्रश्न : बाजार उघडताना यूपीआयने पैसे भरले. बँकेतून कापले गेले, ॲपमध्ये दिसेनात. घाबरून पुन्हा भरले. आता?

उत्तर : पुन्हा भरायची घाई करायला नको होती. बँकेच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवा, बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसेल. तो ब्रोकरला कळवा. नुसता स्क्रीनशॉट पाठवून शोध लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार असा अडकलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटायला हवा. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे, ती मागा. आणि सकाळी सौदा करायचा असेल, तर पैसे आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा.

प्रश्न : आठ लाख रुपये भरायचे आहेत. कोणता मार्ग?

उत्तर : नेफ्ट किंवा आरटीजीएस, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवायचे दोन मार्ग. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे चालतं. दोन्ही आता चोवीस तास सुरू असतात. नेफ्ट अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी जातं, एवढाच फरक लक्षात ठेवा. खाते क्रमांक ब्रोकरच्या ॲपमधूनच घ्या. पण सगळे आठ लाख एकदम कशाला? ट्रेडिंग खात्यात पडून राहिलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही, आणि न वापरलेली रक्कम ब्रोकरला महिन्याने किंवा तिमाहीने तुम्हाला परत करावीच लागते. लागतील तेवढेच भरा.

प्रश्न : वडिलांना व्हॉट्सॲप ग्रुपवरून एक ॲप दिलं आहे. त्यात मोठा नफा दिसतो. पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच नावाचा खाते क्रमांक येतो. आता पैसे काढायचे म्हटलं, तर 'आधी कर भरा' म्हणतात.

उत्तर : ही फसवणूक आहे. आणखी एक रुपयाही भरू नका, 'कर' म्हणूनही नाही. नफ्यावरचा कर ब्रोकरच्या खात्यात आगाऊ भरायचा नसतो, तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना येतो. ॲपमधला नफा म्हणजे पडद्यावरचे आकडे आहेत. दर वेळी बदलणारं खातं हीच सगळ्यात मोठी खूण.

पत्र लिहिण्यात दिवस गेले आहेत, म्हणून आत्ताच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे ज्या खात्यात गेले ते जितकं लवकर गोठवलं जाईल, तितके ते हाती लागण्याची शक्यता जास्त. वडिलांच्या बँकेलाही लगेच कळवा. ग्रुपमधले मेसेज पुसू नका, तेच पुरावे आहेत.

यापुढे यूपीआयने भरताना समोरचा पत्ता नीट वाचा. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत ब्रोकरच्या यूपीआय पत्त्यात 'बीआरके' ही अक्षरं आणि 'व्हॅलिड' हा शब्द असतो, आणि पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 'सेबी चेक' या सुविधेत खाते क्रमांकही तपासता येतो. वडिलांना रागावू नका. शेजारी बसून एकदा हे करून दाखवा.