जुस्तिनियानी संग्रह: यादी कुठल्या सालची, हे आधी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि दुखणं ओळखीचं निघालं. रोममधला सतराव्या शतकातला चित्रसंग्राहक विन्चेंझो जुस्तिनियानी याच्यावर प्रबंधाचं प्रकरण लिहिताय. एके ठिकाणी त्याच्या संग्रहात चित्रकार काराव्हाज्जोची १५ चित्रं सांगितलेली, प्रत्यक्षात हाताशी लागतात पाच-सहा, आणि ज्या संस्थेकडे संग्रहाच्या यादीची प्रत मागितलीत तिने पाठवलेल्या कागदांवर चित्रांचे आकार फ्रेंच मापात आहेत. रोममधला बरोक काळ तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

फ्रेंच मापं दिसली म्हणजे तुमच्याकडे आलेली यादी संग्राहकाची नाहीच. ती बहुतेक १८१२ ची, पॅरिसमध्ये विक्रीसाठी छापलेली. विन्चेंझो १६३७ च्या डिसेंबरात वारला आणि घरातल्या वस्तूंची मोजदाद १६३८ मध्ये झाली. दोन याद्यांमध्ये पावणेदोनशे वर्षं आहेत. या काळात चित्रांवरची नावं बदलली, काही चित्रं विकली गेली, काही साध्या चित्रांना मोठ्या चित्रकारांची नावं चिकटली. अशाच एका प्रतिमा विभागाने (नाव घेत नाही) मलाही विक्रीची यादी ‘संग्रहाची यादी’ म्हणून पाठवली होती, आणि साल विचारलं तर उत्तर नाही, फक्त पैसे भरल्याची पावती पुन्हा पाठवा म्हणून पत्र. अभ्यासकाचं सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. चूक कळेपर्यंत त्या आकड्यांवर अर्धं प्रकरण उभं राहिलेलं असतं. तेव्हा मागणीपत्रात ‘जुस्तिनियानी यादी’ असं मोघम लिहू नका. साल आणि कोणाच्या मृत्यूनंतरची, दोन्ही लिहा.

‘कोणाच्या’ हे मुद्दाम म्हणतेय, कारण भाऊ दोन होते. बेनेदेत्तो थोरला, १५८६ पासून कार्डिनल, १६२१ मध्ये वारला. विन्चेंझो धाकटा, १५६४ मध्ये खिओस बेटावर जन्मलेला. जेनोआच्या या घराण्याकडे बेटाचा कारभार होता, १५६६ मध्ये ते ऑटोमन सत्तेकडे गेलं आणि कुटुंब रोमला आलं. बाप सावकारी-बँकेत मुरलेला. दोघे भाऊ एकाच वाड्यात राहत, सान लुईजी देई फ्रांचेसी चर्चच्या शेजारी. बेनेदेत्तोची चित्रं त्याच्यामागे विन्चेंझोकडे आली. म्हणून १६३८ च्या यादीत काराव्हाज्जोच्या नावावर १५ चित्रं दिसली तरी ‘विन्चेंझोने १५ चित्रं करून घेतली’ असं लिहू नका. कुठलं चित्र थोरल्याचं, कुठलं धाकट्याने मागवलं, हे बेनेदेत्तोच्या याद्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. हा फरक गाळणारे लेख मला तरी वाचवत नाहीत.

आता यादीतल्या मापांची आजच्या चित्रांशी जुळवणी. यादीतली मापं पालमो या जुन्या इटालियन एककात असतात. रोमन पालमो म्हणजे साधारण २२.३४ सेंटिमीटर. नेपल्सचा पालमो २६.४ च्या आसपास, जेनोआचा २५ च्या जवळ. घराणं जेनोआचं म्हणून जेनोआचं माप धरलंत तर सगळं बिघडेल. यादी रोममध्ये झाली, तेव्हा रोमन मापच धरायचं. उदाहरण बघा. बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या संग्रहालयातलं काराव्हाज्जोचं ‘विजयी प्रेम’ (हसरा, पंखवाला कामदेव, पायाशी वाद्यं, चिलखत आणि गुण्या) १५६ × ११३ सेंटिमीटर आहे. ७ पालमो उंच, ५ रुंद म्हणजे १५६ × ११२. इतकं चोख बसतं. पॉट्सडॅमचा त्याचाच ‘संशयी थॉमस’ १०७ × १४६. रुंदी साडेसहा पालमोला बसते, उंची मात्र पाचाला चार-पाच सेंटिमीटर कमी पडते. असं होणारच. मोजणारे अर्ध्या पालमोवर आकडा सोडून देतात, आणि नंतर कॅनव्हासच्या कडा कधी छाटल्या जातात, कधी आत दुमडल्या जातात. अर्धा पालमो, म्हणजे ११ सेंटिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेते. त्यापुढे गेला तर चौकट धरून मोजलंय का बघायचं. तेही नसेल तर ते चित्र दुसरंच समजावं. आकारावरून चित्र बाद करता येतं. तेच चित्र आहे हे मात्र नुसत्या आकारावरून सिद्ध होत नाही.

आकारासोबत वर्णन आणि हाताची, म्हणजे चित्र कोणी काढलं याची, नोंद दोन्ही उतरवून घ्या. ‘अमक्याच्या हातचं’, ‘अमक्याच्या हातचं मानतात’ आणि ‘नक्कल’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. तुमच्या तक्त्यात त्यांचे तीन रकाने हवेत. एकाच रकान्यात टाकल्यात की १५ चे १३ होतात, १३ चे १७ होतात.

ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवणाऱ्या मुलाच्या चित्राबाबत विशेष जपा. शेजारच्या पलात्सो मादामात कार्डिनल देल मोंते राहायचा, त्याच्याकडेही काराव्हाज्जोचं असंच चित्र होतं. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमधलं चित्र जुस्तिनियानींकडून १८०८ मध्ये गेलं. काराव्हाज्जोच्या जुन्या चरित्रातला देल मोंतेचा उल्लेख उचलून तो हर्मिटेजच्या चित्राला लावणं ही नेहमीची गफलत आहे.

पाच-सहाच का सापडतात, याचं उत्तर विक्रीत आणि युद्धात आहे. १८१५ मध्ये प्रशियाच्या राजाने पॅरिसमध्ये या संग्रहातली दीडशेवर चित्रं घेतली. त्यातली काराव्हाज्जोची तीन, म्हणजे सेंट मॅथ्यू आणि देवदूत, फिलिदेचं व्यक्तिचित्र आणि बागेतला ख्रिस्त, १९४५ मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिशहाइन इथल्या, चित्रं ठेवलेल्या बुरुजात जळाली असं मानतात. त्यांचे कृष्णधवल फोटोच उरलेत. इंटरनेटवर मॅथ्यूचं रंगीत चित्र दिसलं तर ते नंतर रंगवलेलं आहे. प्रबंधात कृपा करून वापरू नका. आणि या मॅथ्यूच्या चित्राबद्दल ‘चर्चने नाकारलं, विन्चेंझोने विकत घेतलं’ ही गोष्ट लिहाल तेव्हा जपून लिहा, काही अभ्यासक ‘नाकारलं’ यालाच हरकत घेतात.

वेळ असेल तर काराव्हाज्जोच्या पलीकडेही बघा, कारण आश्रयदाता म्हणून विन्चेंझो तिथेच जास्त कळतो. पुसँचं ‘निष्पाप बालकांची हत्या’ (आता फ्रान्समध्ये शांतियीला) आणि होंटहोर्स्टचं मेणबत्तीच्या उजेडातलं ‘महायाजकापुढे ख्रिस्त’ (लंडन नॅशनल गॅलरी) त्याच्याकडचीच. बास्सानोच्या गावच्या वाड्यात दोमेनिकिनो आणि अल्बानी यांच्याकडून १६०९ मध्ये भित्तिचित्रं करून घेतली. पुतळ्यांचा संग्रह तर कोरीव ठशांच्या दोन मोठ्या खंडांत छापून घेतला; त्या कामावर देखरेख करणारा जर्मन चित्रकार झांड्रार्ट त्याच वाड्यात राहायचा. ‘विजयी प्रेम’पुढे गर्द हिरव्या रेशमाचा पडदा असायचा आणि बाकी सगळं बघून झाल्यावरच तो सरकवायचा, हे आपल्याला त्याच्यामुळेच कळतं. त्याच्या मते, हे चित्र आधी दाखवलं तर उरलेली फिकी पडत. संग्राहक चित्रं कशी दाखवायचा यावर तुमच्या प्रकरणात परिच्छेद असेल तर हा तपशील तिथे घ्या.

शिवाय विन्चेंझोचं चित्रकलेवरचं पत्र वाचा. त्यात चित्र काढण्याचे १२ प्रकार चढत्या क्रमाने आहेत. नुसतं समोर बघून काढणारे रुबेन्स आणि होंटहोर्स्ट अकराव्यात, आणि निसर्ग व कल्पना दोन्ही साधणारे काराव्हाज्जो, काराच्ची, रेनी बाराव्यात. काराव्हाज्जोला निव्वळ ‘बघून काढणारा’ म्हणणाऱ्यांना खुद्द त्याच्या गिऱ्हाइकानेच दिलेलं हे उत्तर आहे, असं माझं मत.

वरचं सगळं छापील संपादित याद्यांवरून आहे. मूळ दस्त रोममध्ये बघायला मिळाला आणि वाचन वेगळं निघालं तर दस्तच खरा. त्या संस्थेला आता पत्र पाठवाल तेव्हा १६३८ ची यादी, छापील आवृत्तीचा पृष्ठक्रमांक आणि नोंदीचा क्रमांक तिन्ही द्या, आणि पैसे भरण्याआधी पहिल्या पानाचा छोटा फोटो मागा. मापं पालमोत नसतील तर तिथेच थांबा.