‘वेबसिरीज बघून मुलगा असा झाला का?’

मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. शब्द वेगवेगळे, रोख एकच: मोबाईल हातात दिला नसता तर ही वेळ आली नसती. पुढची हकीकत सांगलीकडच्या एका कुटुंबाची आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. मुलगा 19 वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडील साखर कारखान्यात, आई अंगणवाडी सेविका.

मुलाने घरी काही सांगितलंच नव्हतं. त्याने वेगळ्या नावाने एक इन्स्टाग्राम अकाउंट काढलं होतं. त्यावर तो समलिंगी पात्रं असलेल्या मालिकांमधले प्रसंग टाकायचा आणि खाली दोन-चार ओळी लिहायचा. चेहरा नाही, गावाचं नाव नाही. अकाउंट काढताना मोबाईल नंबर मात्र रोजचाच दिला होता. तो मामांच्या फोनमध्ये सेव्ह होता आणि मामांनी इन्स्टाग्रामला कॉन्टॅक्ट्स बघायची परवानगी देऊन ठेवली होती. एके दिवशी हे अकाउंट त्यांना ‘सजेस्टेड’मध्ये दिसलं. एका फोटोत घरचं अंगण होतं, त्या फरशीवरून त्यांनी भाचा ओळखला. ‘दाजी, हे बघा’ एवढंच लिहून स्क्रीनशॉट वडिलांना पाठवून दिला.

मुलाने स्वतःच्या फोनवर कॉन्टॅक्ट सिंक, म्हणजे फोनमधले नंबर अ‍ॅपला देणं, बंद ठेवलं होतं. पण समोरच्याचं चालू असेल तरी जुळणी होऊ शकते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. असं अकाउंट काढताना रोजचा नंबर देऊ नये, वेगळा ईमेल वापरावा, नेहमीचं आणि हे अशी दोन्ही अकाउंट्स एकाच अकाउंट्स सेंटरमध्ये (अकाउंट्स एकत्र जोडायची इन्स्टाग्राममधली सोय) जोडू नयेत आणि घर, गाडी, कॉलेजचं ओळखपत्र फोटोत येऊ देऊ नये. एवढं करूनही पूर्ण खात्री देता येत नाही, हेही मुलांना सांगावं लागतं.

पहिल्या भेटीला आई एकट्याच आल्या. “मॅडम, आमच्या दोन्ही घराण्यांत असं कुणी नाही. त्या सिरीजनीच त्याचं डोकं फिरवलं.” इथे वाद घालून काही साधत नाही. एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. उजवीकडे स्मार्टफोन, नेट, मालिका कधी आल्या ते. डावीकडे मुलात काय कधी जाणवलं ते, इयत्तेप्रमाणे. उजवी बाजू 2020च्या जूनपासून सुरू झाली, ऑनलाइन शाळेसाठी फोन घेतला तेव्हापासून. डावीकडे आईंनी पहिलं लिहिलं, ‘लहानपणी भातुकली खेळायचा’. ते खोडायला सांगितलं. भातुकली खेळणारे कितीतरी मुलगे पुढे बायकोपोरांत रमतात. हळवं बोलणं, नाजूक चालणं यावरून कुणाचं मन कुणाकडे ओढ घेतं ते ठरत नाही. खरी नोंद नंतर मुलाने स्वतः केली: आठवीत बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राबद्दल काय वाटायचं ती. तेव्हा त्याच्याकडे फोन नव्हता. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे तो कागद आईंना दाखवायचा की नाही हे त्याने ठरवलं. त्याने दाखवला.

मग आईंचाच फोन बघितला. त्यांच्या रील्समध्ये पैठण्या आणि इरकली साड्या ओळीने येत होत्या. आपण कुठे थांबतो, काय पूर्ण बघतो, काय दुसऱ्याला पाठवतो, यावरून पुढचं ठरतं. “साडीची आवड रील बघून लागली का?” यावर त्या हसल्या. मालिकांनी काहीच केलं नाही असंही नाही. आपल्याला जे वाटतं त्याला नाव आहे आणि तसे आणखी लोक आहेत, हे मुलाला तिथे कळलं.

वडिलांचं म्हणणं, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे समलिंगी मुलीवरचं नाटक 1981चं आणि स्मिता पाटील यांचा ‘उंबरठा’ हा चित्रपट 1982चा, त्या चित्रपटात महिलाश्रमातल्या दोघींच्या नात्याचा प्रसंग आहे. ‘उंबरठा’ त्यांनी पाहिला होता. तो प्रसंग आठवतो का, असं विचारल्यावर ते गप्प राहिले.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते घरच्यांनी मुलाचा फोन काढून घेतल्यामुळे. त्या अकाउंटवरचे ओळखीचे लोक एका रात्रीत तुटले. मुलाने मित्राचा जुना फोन मागून घेतला, त्यावर डेटिंग अ‍ॅप टाकलं आणि घाईघाईत अनोळखी माणसाशी व्हिडिओ कॉल केला. कॉल रेकॉर्ड झाला. ‘5,000 पाठव, नाहीतर घरच्यांना आणि पोलिसांना सांगतो.’ त्याने 2,000 पाठवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागणी आली. ती येतेच, कारण पैसे देणारा सापडला एवढंच समोरच्याला कळलेलं असतं.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. पैसे थांबवायचे. चॅट उडवायचं नाही. घाबरून मुलं आधी तेच करतात आणि पुरावा जातो. प्रोफाइलचं नाव, नंबर, यूपीआय आयडी आणि पैसे गेल्याची नोंद यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मगच ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. व्हिडिओ पसरण्याची भीती असेल तर 18 वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि त्याखालच्यांसाठी ‘टेक इट डाऊन’ या मोफत सेवा आहेत. तिथे व्हिडिओ पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो जातो. ‘पोलिसांना सांगतो’ ही धमकी तर पोकळच होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018च्या निकालानंतर दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. खंडणी मागणं गुन्हा आहे. हे वडिलांना समजल्यावर तक्रार द्यायला ते स्वतः मुलासोबत गेले.

‘कुठल्या डॉक्टरकडून बरा करून घेऊ का?’ हेही त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990मध्येच काढली. कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे लैंगिक कल बदलण्यासाठी केलेले ‘उपचार’, हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. कुणी इंजेक्शनं किंवा शॉक सुचवत असेल तर तिथून उठून यावं.

मुलाशी बोलायचं होतं ते वेगळंच. मालिकेतला मुलगा मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहतो, इंग्रजीत सांगतो आणि भाग संपेपर्यंत आई मिठी मारते. हे बघून त्याने गणपतीत सगळे नातेवाईक जमले की जाहीर करायचं ठरवलं होतं. पडद्यावर फीचा हप्ता कुणी भरायचा हा प्रश्न येत नाही. त्याच्या घरात तो होता. म्हणून आधी परीक्षा, मूळ कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात, चार दिवस जाता येईल असं एखादं घर, आणि नातेवाइकांपैकी फक्त एका चुलत बहिणीला सांगणं, एवढ्यावर थांबायचं ठरलं.

फोन परत मिळाला. सोबत्यांसाठी मुंबईचा हमसफर ट्रस्ट आणि पुण्याचा समपथिक ट्रस्ट या समलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांची नावं दिली. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, तिथे मराठीत बोलता येतं. ऑनलाइन ग्रुप निवडताना एक बघावं: तक्रार केल्यावर अ‍ॅडमिन माणसाला काढतात का. पहिल्याच दिवशी फोटो किंवा पत्ता मागणारा ग्रुप सोडून द्यावा. आईंसाठी चेतन दातार यांचं ‘एक माधवबाग’ सुचवलं, मुलाची डायरी वाचणाऱ्या आईचं एकपात्री. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि अंगणवाडीतल्या मैत्रिणीलाही दिलं, कारण मात्र सांगितलं नाही.

वडील मात्र लग्नावर अडून आहेत. “पंचविशीत मुलगी बघू, होईल सगळं नीट.” समलिंगी विवाहाला आपल्याकडे कायद्याची मान्यता नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023च्या निकालानेही ती दिली नाही, हे त्यांना माहीत आहे आणि तेच ते पुढे करतात. त्यावर त्यांना एकच विचारलं: येणारी मुलगी कुणाच्या तरी घरातली असेल, तिला हे आधी सांगणार का? उत्तरासाठी त्यांनी पुढच्या भेटीची वेळ घेतली आहे.