त्या सकाळची मिसळ

पत्र, थोडक्यात: मावशी, मी ३१ वर्षांचा. नाशिकरोडला आईबरोबर राहतो, सातपूरला एका कारखान्यात कामाला आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी नापास झालो आणि पुढची दोन वर्षं घरी पास होतोय म्हणून सांगत राहिलो. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून दिलेली फी उडवली. नऊ वर्षांपूर्वी सगळं उघडं पडलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मिसळ खायला घेऊन गेले, तिथेही गप्पच. माझ्याशी बोलायचीही त्यांना किळस आली असावी. वर्षभरात ते गेले. कर्ज मी फेडलं. कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरजवळ पापाची कबुली देताना, हेच पाप सात-आठ वेळा सांगितलं, तरी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला शेवटच्या बाकावर बसतो, कम्युनियनची पवित्र भाकर घेत नाही. सुपरवायझरची बढती नाकारली. आई स्थळं बघते, पण मुळातच खोट्या माणसाच्या घरी कुणाची मुलगी का आणायची?

लेकरा,

पहिल्यांदा वाचताना मलाही कर्ज आणि खोटं एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना मी मिसळीपाशी थांबले.

पण आधी तुझ्या त्या ‘मुळातच’ शब्दाचं बोलू. फी उडवलीस, ते चूकच. त्याचं तुला वाईट वाटलं आणि म्हणून तू हप्ते भरलेस. ‘मी मुळातच खोटा’ हे मात्र वेगळं आहे. हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१मध्ये हा फरक नेमका मांडला: अपराधाच्या भावनेत माणसाची नजर केलेल्या गोष्टीवर असते, शरमेत ती स्वतःवरच खिळून बसते. पहिल्या भावनेने तुझं कर्ज फेडलं. दुसरीने तुला शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली, तिच्यात मनात आपोआप उमटणारा विचार खरा धरून चालत नाहीत, त्याच्याकडे पुरावा मागतात. ‘बाबांना किळस आली’ याचा तुझ्याकडे पुरावा काय? ते गप्प होते, एवढाच. आता दुसरी बाजू बघ. ज्याची किळस येते त्याला कुणी सकाळी उठवून मिसळ खायला नेतं का?

बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला, बापाची संपत्ती उधळलेला मुलगा घरी परत येताना वाक्य पाठ करत येतो: तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला चाकर म्हणून ठेवा. बापासमोर तो पहिला अर्धा भाग म्हणतो. ‘चाकर ठेवा’ हे म्हणायची वेळच बाप येऊ देत नाही. झगा आणा, अंगठी आणा, पुष्ट वासरू कापा, असं सुरू करतो. नऊ वर्षं तू ते उरलेलं अर्धं वाक्य जगतो आहेस. बढती नको, लग्न नको, कम्युनियन नको. स्वतःच्या घरात चाकर होऊन राहिला आहेस. आणि त्या सकाळी तुझ्या बाबांनी वासरू नाही, मिसळ मागवली होती.

त्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. रागही असेल. पण राग आलेला बापही जेवू घालतो.

आता कन्फेशन. मनापासून सांगितलेल्या पापाची क्षमा तुला पहिल्याच वेळी मिळाली. नंतरच्या फेऱ्या पापासाठी नव्हत्या, धाकधूक शमवण्यासाठी होत्या, आणि ती तशी शमत नाही. संत इग्नेशियस लोयोला १५२२मध्ये स्पेनमधल्या मानरेझाला याच चक्रात सापडले होते. सगळं नीट कबूल करूनही काही राहिलं असेल म्हणून पुन्हा जायचे. जीव देण्यापर्यंत विचार गेले. शेवटी त्यांनी जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवलं, तेव्हा सुटले. तूही एकच फादर ठरव, वेळ मागून भेट आणि सांग, ‘जुनं पाप सांगायला आलो नाही, ते पुन्हा पुन्हा सांगायची सवय सांगायला आलोय.’ मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. त्यानं श्रद्धा कमी ठरत नाही. इग्नेशियससारखे काळे विचार येत असतील तर त्याच क्षणी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोल. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो.

आणि एक बघ. कम्युनियनआधी सगळं चर्च एका आवाजात म्हणतं, प्रभू, माझी योग्यता नाही, पण तू एक शब्द बोल. ते म्हणून झालं की सगळे उठून रांगेत उभे राहतात, म्हाताऱ्या आजीपासून काल नोकरी गेलेल्या पोरापर्यंत. तू ‘योग्यता नाही’ इथवरच ऐकतोस आणि बसून राहतोस. या रविवारी पुढचा भागही म्हण आणि ऊठ.

बढतीचं साहेबांना पुन्हा विचारून बघ. मुलीला दोन-तीन भेटींनंतर तूच सगळं सांग, फार लांबण न लावता. ती नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय. तिच्या वतीने तू आधीच नकार देऊ नकोस.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी आईजवळ बस आणि विचार, त्या सकाळी मला घेऊन निघण्याआधी बाबा तुला काय म्हणाले होते? पत्रावरून वाटतं, नऊ वर्षांत तू तिला हे विचारलेलंच नाहीस. ती काय सांगते ते मला कळव.

तुझी,
मावशी