'भाग न घेता' कोण काम करतो? : उत्प्रेरक या शब्दाविषयी

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा सारांश तिला मराठीत लिहायचा आहे. अमिनो आम्लाच्या एस्टरचे (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेल्या संयुगाचे) पाण्याने विघटन होते आणि तांब्याचे आयन घातले की ते कितीतरी झपाट्याने होते. मग तांब्याला 'उत्प्रेरक' म्हणावे का? शाळेत पाठ केलेली व्याख्या 'अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग बदलणारा पदार्थ' अशी आहे आणि तांबे तर इथे उघड उघड भाग घेते.

शंका अगदी रास्त आहे. चूक त्या व्याख्येत आहे, शब्दात नाही. उत् आणि प्र हे उपसर्ग आणि ईर् म्हणजे हलवणे, चालवणे हा धातू. यात अलिप्तपणा कुठेच नाही. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास ग्रीकवरून 'कॅटॅलिसिस' हा शब्द घडवला, त्यातही 'लिसिस' म्हणजे सोडवणे, सैल करणे. हायड्रोलिसिसमधला (म्हणजे पाण्याने होणाऱ्या विघटनातला) 'लिसिस' तोच. पुढे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने (१९०९ चे नोबेल) व्याख्या नेमकी केली: वेग बदलतो, पण अंतिम उत्पादात दिसत नाही. 'शेवटी दिसत नाही' आणि 'भाग घेत नाही' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. करूनसवरून नामानिराळा राहणारा माणूस 'काही न करणारा' नसतो.

आता तांबे नेमके काय करते ते बघा. ते एस्टरच्या रेणूला चिमट्यासारखे दोन ठिकाणी धरते: एकीकडे अमिनो गटाचा नायट्रोजन, दुसरीकडे कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या गटाचा) ऑक्सिजन. पाच अणूंचे कडे तयार होते. तांबे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते, कार्बोनिलचा कार्बन इलेक्ट्रॉनांना पारखा होतो आणि पाण्यातल्या हायड्रॉक्साइड (OH⁻) आयनाला तिथे शिरणे सोपे जाते. हॅरी क्रोलने १९५२ मध्ये याच विषयावर जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच जड धातूंच्या आयनांचा 'सहभाग' असा शब्द आहे!

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एस्टर तुटल्यावर उरणारे अमिनो आम्ल तांब्याला एस्टरपेक्षाही घट्ट धरून ठेवते. तांबे सहजी मोकळे होत नाही, पुढच्या रेणूकडे जात नाही. म्हणून काटेकोर लिहिणारे इथे 'उत्प्रेरित' म्हणायला कचरतात. कायमोट्रिप्सिनचे तसे नाही. प्रथिने पचवणारे हे विकर (एन्झाइम) टायरोसिन या अमिनो आम्लाच्या एस्टरमधला आम्लाचा तुकडा आपल्या साखळीतल्या १९५ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर चक्क जोडून घेते, मग पाणी तो तुकडा सोडवते आणि विकर पुन्हा रिकामे. उत्प्रेरकाची खरी खूण ही: भाग घेणे आणि सुटून परत कामाला लागणे.

हायड्रोलिसिससाठी 'अपघटन' मला पटत नाही. पाठ्यपुस्तकात एकाच अभिक्रियाकारकापासून अनेक उत्पादे झाली की अपघटन म्हणतात. इथे पाणी हा दुसरा भिडू आहे. विश्वकोशातला 'जलीय विच्छेदन' बरा, पण 'जलीय द्रावण' म्हणताना जलीयचा अर्थ 'पाण्यातले' असा होतो. त्यापेक्षा 'जलविच्छेदन' सुटसुटीत.

तेव्हा सारांशात असे लिहावे: 'तांब्याच्या आयनांमुळे एस्टरच्या जलविच्छेदनाला चालना मिळते व अभिक्रियेचा दर वाढतो.' तुमच्या प्रयोगात थोडेसे तांबे त्याच्या कितीतरी पट एस्टर फोडत असल्याचे मोजून दिसले असेल, तर मात्र बेलाशक 'उत्प्रेरक' लिहा.